गीतातले दुःख ऐकू येते, पण दिसत नाही: नेमक्या तपशिलांविषयी एक प्रश्न

अक्षरवेल

नमस्कार. गेली तीन वर्षे मी गीते लिहीत आहे आणि त्यांतल्या काहींना चालीही लागल्या आहेत. बाबा गेल्यानंतर काही महिन्यांनी मी त्यांच्यावर एक गीत लिहिले. ज्या संगीतकार मित्राकडे ते चालीसाठी दिले, त्याने दोनदा वाचून कागद परत केला आणि म्हणाला, "मात्रा बरोबर आहेत, यमके बरोबर आहेत, पण यात तुझे बाबा मला कुठेच भेटले नाहीत. हे गीत कोणाच्याही वडिलांचे होऊ शकेल." त्या वाक्याचा मला राग आला नाही, कारण ते खरे आहे हे ऐकताक्षणीच कळले होते. गीताचा मुखडा (पुन्हा पुन्हा येणारे धृपद) आणि पहिला अंतरा (त्यानंतरचे कडवे) असा आहे:

तुझ्याविना हे घर सुने सुने
मनात दाटे सल जुने जुने

आठवणींचा पूर दाटतो, डोळ्यांमधुनी पाणी वाहे
काळिज माझे तुटते बाबा, जगणे आता ओझे आहे

त्यानंतर मी तपशील घालून पाहिले. खुर्ची आणली, चष्मा आणला, काठी आणि वर्तमानपत्र आणले. परिणाम असा झाला की अंतरा म्हणजे घरातल्या सामानाची यादी झाली आणि बाबा तेव्हाही दिसले नाहीत. मला विचारायचे आहे ते हे की, कोणता तपशील गीतात चित्र उभे करतो आणि कोणता नुसता पडून राहतो, हे लिहिताना ओळखायचे कसे? शिवाय एक भीतीही आहे. अगदी माझ्याच घरातली, माझ्याच बाबांची गोष्ट लिहिली, तर ऐकणाऱ्याला ती परकी वाटणार नाही का? आणि रोजच्या वापरातले रुक्ष शब्द गाण्यात बसतात का, हाही प्रश्न मनात आहेच.

शब्दांकित

आपल्या अंतऱ्यातल्या चार चरणांत चार निष्कर्ष आहेत. पूर दाटला, पाणी वाहिले, काळीज तुटले, जगणे ओझे झाले. हे सगळे आपल्या बाबतीत खरे आहे यात मला शंका नाही, पण ऐकणाऱ्याच्या हाती आपण निकाल दिला आहे आणि ज्यावरून तो लागला ते काहीच दिलेले नाही. त्याला रडायचे असेल, तर आपल्या शब्दावर विश्वास ठेवूनच रडावे लागेल.

आता यादीविषयी. खुर्ची, चष्मा आणि काठी या वस्तू मूर्त आहेत, डोळ्यांसमोर येऊ शकतात, तरीही त्या आपल्या बाबांच्या नाहीत. वडिलांवर लिहायला बसलेल्या कोणाच्याही मनात पहिल्या पाच मिनिटांत याच वस्तू येतील. मूर्त असणे वेगळे आणि नेमके असणे वेगळे, ही गोष्ट मला स्वतःला फार उशिरा कळली. "खिडकी" हा मूर्त शब्द आहे. "जुनी खिडकी" म्हटल्याने त्यात विशेष भर पडत नाही, कारण विशेषण बहुतेक वेळा लेखकाचे मत सांगते. "कडी न लागणारी खिडकी" म्हटले की मात्र काहीतरी घडू लागते: वारा आला की ती आपटणार, कोणीतरी तिच्या फटीत कागदाची घडी खोचणार, आणि ती घडी खोचणारे माणूस आपोआप चित्रात येणार. मराठीत "न लागणारी", "अर्धवट विझलेला", "दोऱ्याने बांधलेली" अशी धातुसाधिते, म्हणजे क्रियापदापासून बनलेली रूपे, अगदी थोड्या जागेत एक अख्खी घटना सांगून जातात. गीतकाराला मुळातच जागा थोडी असते, म्हणून मी विशेषणापेक्षा त्यांच्यावर अधिक भरवसा ठेवतो.

म्हणून माझी सूचना अशी आहे की, काही दिवस गीत बाजूला ठेवावे आणि साध्या गद्यात दोन पाने लिहावीत. त्यांत आपल्याला काय वाटले हे एकदाही लिहू नये, फक्त बाबांचे हात काय करत असत एवढेच लिहावे. घरात जे काम त्यांच्याशिवाय कोणीच करत नसे, ते कोणते? त्यांच्या हाताची खूण आजही कशावर राहिली आहे? आणि केवळ डोळ्यांवर विसंबू नये. आपण सगळेच गीतात पाहतो फार आणि ऐकतो, हुंगतो, स्पर्श करतो कमी. एखादे माणूस जिना चढताना कोणत्या पायरीवर थांबत असे, हे घरातल्यांना न पाहता, नुसत्या आवाजावरून ठाऊक असते. असे काही सापडले तर इथे लिहा.

रानवारा

वरच्या प्रतिसादाशी मी बराचसा सहमत आहे, परंतु एक धोका सांगणे मला आवश्यक वाटते. कथा वाचणारा मागचे पान उलटून पाहू शकतो, गीत ऐकणारा ते करू शकत नाही. ओळ गायली गेली की गेली. त्यामुळे ज्या तपशिलाला समजावून सांगावे लागते तो तपशील कितीही खरा असला तरी गीतात मरतो, आणि तपशिलांची गर्दी झाली की त्यांतला एकही उरत नाही.

हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. घर सोडून दूर गेलेल्या एका मित्रावर मी गीत लिहिले होते. पहिल्याच अंतऱ्यात बॅग, तिकीट, फलाट, सुटलेली गाडी, हातरुमाल, घड्याळ आणि पाण्याची बाटली अशा सात गोष्टी होत्या. सगळ्या त्या दिवशी खरोखर तिथे होत्या, म्हणून एकही गाळायला मन तयार होत नव्हते. गीत एका छोट्या बैठकीत गायले गेले, त्यानंतर मी चौघांना विचारले की काय लक्षात राहिले. चौघांनीही बॅगेचे नाव घेतले, कारण तिची चेन तुटलेली होती आणि ती नाडीने बांधली होती, एवढी एकच गोष्ट मी तिच्याविषयी सांगितली होती. बाकी सहा वस्तूंची नुसती नावे घेतली होती. मग मी त्या सहाही काढून टाकल्या आणि चारही ओळी नाडीला दिल्या: ती कोणी बांधली, गाठ किती घट्ट बसली, पोहोचल्यावर ती कोणाला सोडता येणार नाही. निरोपाविषयी एक शब्दही न लिहिता तो अंतरा निरोपाचा झाला. तेव्हापासून मी एका अंतऱ्यात एकच दृश्य ठेवतो आणि त्या दृश्याला थोडे पुढे सरकू देतो.

रुक्ष शब्दांविषयी माझा अनुभव असा आहे की शब्द रुक्ष नसतो, त्याचे शेजारी चुकलेले असतात. "नयनी आसवे" लिहून पुढच्याच चरणात "प्लास्टिकची बादली" आली, तर ऐकणारा दचकतो, आणि दोष बादलीचा मानला जातो. खरे तर "नयनी" या शब्दाने तिची पंचाईत केलेली असते. संपूर्ण अंतरा बोलीच्या जवळचा ठेवला की बादली, स्टूल, बटण, पाना हे सगळे शब्द निमूटपणे गाण्यात येऊन बसतात.

अक्षरवेल

दोघांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे गद्य लिहायला बसले. पहिले पान पुन्हा त्याच परिचित गोष्टींनी भरले, पण दुसऱ्या पानावर एक गोष्ट आली जी मी पूर्ण विसरले होते. बाबांना एक सवय होती. घड्याळात, विजेरीत किंवा रिमोटमध्ये नवा सेल घालण्याआधी ते त्यावर बारीक टोकाच्या पेनाने त्या दिवसाची तारीख लिहीत. सेल किती दिवस चालला हे कळावे, एवढाच हेतू असे. आम्ही त्यावरून त्यांना चिडवत असू. लिहिताना सेल हातात गोल फिरत असे, त्यामुळे आकडे नेहमी एका बाजूला कलंडलेले असत आणि चारचा आकडा तर हमखास वाकडा येत असे.

गेल्या महिन्यात भिंतीवरचे घड्याळ थांबले. मी सेल काढला तर त्यावर त्यांच्या अक्षरात तारीख होती. मी बराच वेळ तो हातात धरून उभी होते. हे इतके घरगुती आणि इतके विचित्र आहे की गीतात येऊ शकेल असे मला आजवर वाटलेच नव्हते. बंद पडलेले घड्याळ हे चित्रही सगळ्यांनी वापरून झालेले आहे, हे जाणवते. तरीही विचारते: यात काही आहे का?

जुनी वही

मी काव्यशास्त्राची विद्यार्थिनी आहे, गीतकार नाही, तरी यावर बोलल्यावाचून राहवत नाही. यात काही आहे का, असे आपण विचारता. माझ्या मते सगळे यातच आहे.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातले रससूत्र प्रसिद्ध आहे: "विभावानुभावव्यभिचारिसंयोगाद् रसनिष्पत्तिः", म्हणजे विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून रस, म्हणजे भावनेचा आस्वाद, निर्माण होतो. विभाव म्हणजे भावना ज्यामुळे जागी होते तो आधार, माणूस, वस्तू, प्रसंग. अनुभाव म्हणजे त्या भावनेमुळे शरीरात आणि वागण्यात जे दिसते ते. व्यभिचारी भाव म्हणजे मधूनमधून येऊन जाणाऱ्या छटा. या सूत्रात शोक, रती, उत्साह यांपैकी कोणाचेही नाव घ्या असे कुठेच म्हटलेले नाही. पुढे अकराव्या शतकात मम्मटाने काव्यप्रकाशाच्या सातव्या उल्लासात रसदोष सांगितले, तेव्हा त्यांत पहिलाच दोष हा ठेवला की रस, स्थायी भाव (शोकासारखी मूळ भावना) किंवा व्यभिचारी भाव त्याच्या स्वतःच्या नावाने सांगून टाकणे. आपल्या मित्राने कागद परत करताना जे म्हटले ते जवळजवळ नऊशे वर्षांपूर्वी शास्त्रात लिहून ठेवलेले आहे, याचा मला तरी फार आनंद होतो.

आता आपला प्रसंग या चौकटीत पाहा. सेलवरची तारीख हा विभाव आहे. "बराच वेळ तो हातात धरून उभी होते" हा अनुभाव आहे, आणि तो आपण प्रतिसादात सहज लिहून गेलात. "काळीज तुटले" असे आपण तिथे लिहिले नाही, तरी वाचताना माझ्या पोटात तुटले.

परकेपणाच्या भीतीविषयी एवढेच सांगते की, ऐकणारा आपल्या बाबांचा सेल मनात ठेवत नाही. तो क्षणभर थांबतो आणि त्याच्या घरातले तसले काहीतरी शोधू लागतो: वहीच्या मागच्या पानावरचा हिशेब, डब्यावर चिकटवलेली चिठ्ठी, दाराच्या चौकटीवरची उंचीची रेघ. "आठवणींचा पूर" म्हटले की त्याला शोधायला काहीच मिळत नाही, कारण पुरात एकही आठवण वेगळी दिसत नाही. माझ्या वहीत सुटे कागद ठेवायला आईने लावलेली एक टाचणी आहे. आपला प्रतिसाद वाचल्यावर मी उठून ती पाहून आले.

बंद घड्याळाच्या बाबतीत मात्र मी सावध राहीन. घड्याळ थांबले म्हणजे काळ थांबला, असा अर्थ ऐकणारा लगेच लावतो आणि तिथेच समाधान मानतो. आपल्या गोष्टीत घड्याळ थांबले कारण सेल संपला. ते तसेच, त्याहून मोठे न करता राहू द्यावे.

ठेका आठ

मी चाली लावतो, तेव्हा माझे म्हणणे कानाच्या बाजूने.

आपला अंतरा आठ-आठ मात्रांच्या तुकड्यांत आहे, म्हणजे केरवा या आठ मात्रांच्या तालाच्या एका आवर्तनात एक तुकडा सहज बसतो. ही चौकट मोडू नका, आणि नवा प्रसंग याच चौकटीत आणायचा तर आधी शब्द मोजून घ्या. "सेल" तीन मात्रांचा आहे. "घड्याळ" चारच मात्रांचा आहे, कारण "ड्या" या जोडाक्षराचा आघात आधीच्या "घ"वर येत नाही आणि तो लघूच (एका मात्रेचा) राहतो. "तुझ्या" आणि "नव्या" यांतही तसेच होते. याउलट "सत्य" म्हणताना "स"वर आघात येतो, म्हणून तो गुरू (दोन मात्रांचा) होतो. केवळ कागदावर जोडाक्षर पाहून मात्रा मोजणारे गीतकार इथे हमखास फसतात. ओळ मोठ्याने म्हणून पाहणे हाच उपाय आहे.

दुसरी गोष्ट लांबवण्याच्या जागेची. जिथे स्वर ओढायचा असतो, विशेषतः चरणाच्या शेवटी, तिथे आ, ई, ए, ओ असा दीर्घ स्वर असला की गायकाला श्वास सोडायला वाव मिळतो. "सेल" हा शब्द चरणाच्या शेवटी ठेवलात तर "ल"वर गळा अडतो. तो मध्ये ठेवा, जिथे तो पटकन उच्चारून पुढे जाता येईल. रोजच्या वापरातल्या वस्तूंची नावे बहुतेक अशीच आखूड आणि व्यंजनावर थांबणारी असतात. ती चरणाच्या पोटात शोभतात आणि शेवट क्रियापदाला किंवा सर्वनामाला द्यावा लागतो.

मुखड्याविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. "तुझ्याविना हे घर सुने सुने" ही ओळ वाईट आहे असे मी म्हणणार नाही. मुखडा तीन-चार वेळा परत येतो, त्यामुळे तो फार नेमका असला तर दुसऱ्या वेळी शिळा होतो. साधी, मोकळी ओळ परत येताना प्रत्येक अंतऱ्याचा रंग घेऊन येते. सेलवरची तारीख ऐकल्यानंतर तीच ओळ परत आली की "सुने" या शब्दात काय आहे ते पहिल्यांदा कळेल. दुसरी ओळ मात्र काढाच. "सल जुने जुने" तिथे यमकासाठी आले आहेत आणि ते लपत नाही.

अक्षरवेल

चार दिवस यावर बसले. अनेक खर्डे झाले. एका खर्ड्यात विजेरी होती, रिमोट होता, आम्ही चिडवत होतो तेही होते. रानवारांचे म्हणणे आठवून ते सगळे काढले. एका खर्ड्यात तिसरी ओळ "किती वेळ मी उभीच होते" अशी होती. ती मला फार प्रिय होती, पण ती आली की लक्ष सेलवरून उठून माझ्याकडे वळत होते, म्हणून तीही गेली. आता अंतरा असा आहे:

घड्याळ थांबे, सेल काढला, त्यावर तारिख तुझ्या हातची
शाई पुसट नि चार वाकडा, तशीच लिहिते नवी, आजची

मुखड्याची पहिली ओळ तशीच ठेवली आहे. दुसरी अजून सापडलेली नाही. "तारीख" हा शब्द मात्रेसाठी ऱ्हस्व केला आहे, तो खटकतो का ते सांगावे.

रानवारा

"तारिख" खटकत नाही. बोलताना आपण तो इकार तेवढाच आखूड उच्चारतो. "थांबे" मात्र मला जुन्या वळणाचे वाटले होते, कारण बाकीचा अंतरा आजच्या बोलीत आहे. "घड्याळ बंदच" केले तरी मात्रा आठच राहतात. पण "थांबे" म्हणताना मुख उघडे राहते आणि "बंदच"मध्ये ते मिटते, त्यामुळे याचा निर्णय गाणाऱ्याला विचारूनच घ्यावा.

"चार वाकडा" हे दोन शब्द काहीही झाले तरी बदलू नका. आकडे सगळेच तीन मात्रांचे असल्यामुळे उद्या कोणीतरी आठ किंवा सात सुचवील. आपण चार लिहिला आहे, कारण तो चार होता, आणि का कोण जाणे, ऐकताना ते कळते.

जुनी वही

शेवटच्या तुकड्यात "मीही" हा शब्द नाही, याचे मला फार बरे वाटले. तो आला असता तर बाबा आणि लेक यांची तुलना आपण करून दाखवली असती. "तशीच" या एका शब्दात तारखेची सवयही आली आणि कलंडलेले अक्षरही आले. सेल हातात गोल फिरतो, तेव्हा आपले आकडेही वाकडेच आले असणार.

अक्षरवेल

हो, तसेच झाले. आपण म्हणेपर्यंत माझ्या ते लक्षात आले नव्हते.

ठेका आठ

"थांबे" राहू द्या, गाताना ते अधिक मोकळे जाते. "शाई पुसट नि" यातली चार लघु अक्षरे लागोपाठ येतात, तिथे चाल आपोआप थोडी घाईची होईल आणि "वाकडा"च्या "डा"वर विसावेल. ते मला हवेच आहे. "तशीच"चा "त" समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, घेऊन "शी" किंचित लांबवावी असे वाटते, पण "आजची" हा शब्द मात्र अजिबात न सजवता, बोलल्यासारखा म्हणावा. आणि त्याच्यामागून लगेच मुखडा घेऊ नये. एक पूर्ण आवर्तन नुसता ठेका चालू द्यावा, त्यावर कोणतेही वाद्य सुरात बोलू नये, आणि मगच "तुझ्याविना" सुरू करावे.